वाचकांचे प्रश्न : संकेतस्थळासाठी चित्रे कोठून आणावीत, आणि त्यांचे पैसे?

संकेतस्थळ सुरू करण्याच्या तयारीत असलेल्या आणि चित्रांपाशी अडलेल्या वाचकांची काही पत्रे गेल्या दोन महिन्यांत आली. त्यांतील चार येथे घेतली आहेत. पत्रे जागेअभावी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी नेरूळला राहते आणि एका खासगी कंपनीत हिशेबनीस आहे. मी व माझी धाकटी बहीण, आम्ही दोघींनी आमच्या आजोळच्या व आसपासच्या गावांतील ज्येष्ठ स्त्रियांकडून आगरी-कोळी समाजातील गोष्टी, ओव्या आणि लग्नात गायची गाणी म्हणजे धवले ध्वनिमुद्रित करून घेतले आहेत. हा सारा संग्रह संकेतस्थळाच्या रूपाने येत्या दिवाळीत खुला करायचा आहे. मजकूर आणि ध्वनिमुद्रणे तयार आहेत. अडले आहे ते चित्रांवाचून. गोष्टी व गीते मिळून चाळीस पाने होतात आणि प्रत्येक पानाला एक चित्र असावे अशी आमची इच्छा आहे. एका चित्रकारांनी चित्रामागे ३,५०० रुपये सांगितले, म्हणजे १,४०,००० रुपये झाले. आमच्याकडे ६०,००० आहेत. उपयोजित कला शिकणारा मावसभाऊ फुकट काढून देतो म्हणतो, आमच्या यजमानांच्या मते एआयकडून एका रात्रीत काम होईल, आणि मैत्रीण म्हणते की लोकवर्गणी काढा. आम्ही काय करावे?
– एक वाचक, नेरूळ

उत्तर : तुमच्या हिशेबातील ३,५०० रुपयांकडे वळण्याआधी ४० या आकड्याकडे पाहावे, असे मला वाटते. प्रत्येक मजकुराला एक चित्र ही छापील पुस्तकाची रीत आहे. संकेतस्थळाने ती पाळलीच पाहिजे असे नाही. तुमच्या संग्रहातील धवले तर कानांनीच घ्यायचे आहेत. धवले म्हणणारी धवलारीण गात असताना ऐकणारा माणूस मोबाइल बाजूला ठेवून देतो. त्या पानाला गाणाऱ्या आजींचे, त्यांना विचारून काढलेले एक चांगले छायाचित्र पुरते, किंबहुना तेच अधिक शोभते. (आवाज संकेतस्थळावर देण्यासाठीही त्यांची लेखी संमती घेतली असेल, असे गृहीत धरतो, घेतली नसल्यास चित्रांच्या आधी ते काम करावे.) चित्राची खरी गरज आहे ती गोष्टींना, आणि त्यांतही ज्या गोष्टींतले जग आजच्या मुलाने पाहिलेले नाही अशांना : मिठागर, तिवरांच्या चिखलातली निवटी मासळी, खाडीच्या प्रवाहात लावलेली डोल (पिशवीसारखे जाळे). अशा गोष्टी वेगळ्या काढल्या तर त्या दहा-बाराच्या पुढे जातील असे वाटत नाही.

बारा मोठी चित्रे ४२,००० रुपयांत होतात. उरलेल्या पानांसाठी होडी, सूप, चिंबोरी, मिठाची रास, घागर अशी छोटी रेखाचित्रे एका कागदावर दहा-बारा याप्रमाणे काढून घ्यावीत. पार्श्वभूमी नसल्यामुळे आणि दुरुस्त्याही कमी निघत असल्यामुळे अशा पूर्ण कागदाचे मानधन एका मोठ्या चित्राइतके धरण्याची विनंती करायला हरकत नाही. असे दोन कागद झाले की खर्च ४९,००० रुपये होतो आणि ११,००० रुपये हाताशी राहतात. ते तसेच राहू द्यावेत, कारण एखादे चित्र मुळापासून पुन्हा करावे लागतेच.

पैसे कमी पडू लागले की भावात घासाघीस करण्याकडे आपला कल असतो. माझा सल्ला असा, की भाव मान्य करावा आणि चित्रे कमी करावीत. ४० चित्रे १,५०० रुपयांप्रमाणे कोणाकडून तरी करून घेता येतील आणि तुमचे ६०,००० बरोबर संपतील. पण चित्रकार त्या पैशांत परवडेल तेवढाच वेळ प्रत्येक चित्राला देईल, आणि पंधराव्या चित्रापासून तोच चेहरा, तेच झाड आणि तीच लाट दिसू लागेल. लोककथांच्या संकेतस्थळाला हा दोष फार जड जातो, कारण तेथे येणाऱ्या वाचकांपैकी निम्मे त्याच गावांतले असतात आणि आपली होडी कशी नसते हे त्यांना नेमके ठाऊक असते.

एआयविषयीची माझी हरकतही मुख्यतः येथेच आहे. भारतातील मच्छीमार असे सांगून चित्र मागितले तर बहुधा केरळचे नारळ, कोचीची चिनी जाळी नाही तर सूर्यास्तासमोर हवेत फेकलेले गोल जाळे समोर येते. ठाण्याच्या खाडीतली डोल ही प्रवाहाच्या तोंडाशी बांधून ठेवायची, शेपटाकडे निमुळती होत जाणारी पिशवी असते. ती कोणी हवेत फेकत नाही. नऊवारी लुगड्याचे कोळी नेसणे आणि देशावरचे नेसणे यांतला फरकही यंत्राला क्वचितच साधतो. याखेरीज हक्काचा प्रश्न आहेच. माणसाची निर्मिती नसलेल्या, निव्वळ यंत्रनिर्मित चित्राला कॉपीराइटची नोंदणी द्यायची नाही, अशी अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाची भूमिका आहे. म्हणजे उद्या कोणी तुमचे चित्र उचलले तर ते तुमचे आहे हे सांगणेच अवघड होईल. चित्रकाराला रंगसंगती किंवा रचना समजावण्यासाठी यजमानांनी एखादा नमुना काढून दाखवला तर त्याला माझी ना नाही.

मावसभावाला काम अवश्य द्यावे, पण फुकट नव्हे. फुकट काम करणाऱ्याला कच्चे रेखाटन परत पाठवता येत नाही, आणि त्याचे सबमिशन आले की आपले काम मागे पडले म्हणून रागावताही येत नाही. छोट्या रेखाचित्रांचे दोन कागद ठरलेले मानधन देऊन त्याच्याकडे सोपवावेत. रेषा जुळली तर पुढची मोठी चित्रेही त्याच्याकडे जाऊ शकतील.

तुम्ही एकाच चित्रकारांना विचारले, असे पत्रावरून दिसते. आणखी तीन-चार जणांना विचारावे, आणि ते भाव पाडण्यासाठी नव्हे तर शैली पाहण्यासाठी. शोधण्याची माझी आवडती जागा म्हणजे दिवाळी अंकांची श्रेयनामावली. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून चालू आहे. तेथे किंवा आपल्या जवळच्या वाचनालयात गेल्या दोन-तीन वर्षांचे अंक घेऊन बसावे, आवडलेल्या रेखाटनाखालची सही पाहावी आणि सजावटकारांच्या नावांशी ती ताडून पाहावी. मुंबईतील सर ज. जी. उपयोजित कला संस्थेतील विद्यार्थ्यांचे वार्षिक प्रदर्शन आणि पवईला आयआयटीच्या आवारातील, १९६९ साली स्थापन झालेली आयडीसी ही अभिकल्प (डिझाइन) शिकवणारी संस्था, येथेही नव्या दमाची मुले-मुली भेटतात. नेरूळहून ऐरोली पुलावरून पवई काही दूर नाही. तिसरी जागा म्हणजे प्रथम बुक्सने २०१५ साली सुरू केलेले स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ. तेथील बालपुस्तकांची चित्रे क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ‘श्रेय द्या आणि वापरा’ या परवान्याखाली खुली आहेत, म्हणजे चित्रकाराचे नाव आणि परवान्याचा उल्लेख केला तर ती तुम्हालाही वापरता येतात. आगरी-कोळी जीवनाला जुळणारी चित्रे तेथे किती मिळतील हे शोधल्यावरच कळेल, पण चित्रकारांची एक चाळता येण्याजोगी यादी म्हणून तरी ते पाहावे.

चित्रकार ठरला की बारा चित्रांचे काम एकदम देऊ नये. एका गोष्टीचे चित्र पूर्ण मानधन देऊन करून घ्यावे आणि ते मोबाइलवर पाहावे. कागदावर सुंदर वाटलेल्या गर्दीच्या चित्रातला माणूस मोबाइलवर तांदळाच्या दाण्याएवढा होतो. गोष्टीतली म्हातारी ओळखू यायची असेल तर तिला जवळून काढावे लागते आणि मिठागर तिच्या मागे सरकवावे लागते. प्रत्येक चित्रासोबत द्यायची टिपणी एका पानाची असावी : प्रसंग कोणता, काळ कोणता, कोण कोठे उभे आहे, अंगावर काय आहे, हातात काय आहे. तिला जोडून तुम्ही स्वतः काढलेली छायाचित्रे द्यावीत. बेलापूरजवळच्या दिवाळे गावच्या कोळीवाड्यात एका सकाळी जाऊन होड्यांची, जाळ्यांची आणि घरांच्या ओट्यांची छायाचित्रे काढून आणलीत तर चित्रकाराचे निम्मे काम तेथेच होईल. कच्चे रेखाटन आले की ते रंगात जाण्यापूर्वी गोष्ट सांगणाऱ्या आजींना दाखवावे. वल्हे चुकीच्या हातात आहे हे त्या पाहताक्षणी सांगतील, आणि पेन्सिलीत ते दुरुस्त करायला काही मिनिटे लागतात. रंग भरल्यावर त्याचा एक दिवस होतो आणि मने दुखावतात ती वेगळीच.

आता कागदपत्रांविषयी, कारण संकेतस्थळ सुरू होण्याआधी चित्रे घेणाऱ्याला येथे दोन खाचखळगे असतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्काचे हस्तांतरण लेखी आणि स्वाक्षरीनिशी व्हावे लागते, आणि परवानाही लेखीच असावा लागतो. कराराने मुदत सांगितली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश सांगितला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. तुमचे संकेतस्थळ पहिल्या दिवसापासून दुबईतही दिसणार आहे, तेव्हा ‘जगभर’ हा शब्द करारात हवा आणि मुदतही स्पष्ट हवी. दुसरा खळगा अधिक फसवा आहे : मिळालेला हक्क एका वर्षाच्या आत वापरला नाही तर, करारात वेगळे म्हटले नसल्यास, तो संपुष्टात येतो. दिवाळीत सुरू होणारे संकेतस्थळ पुढच्या दिवाळीवर गेल्याची उदाहरणे आपण सर्वांनी पाहिली आहेत. पैसे देऊन काढून घेतलेल्या चित्राचा मालक पैसे देणाराच असतो, असे तुम्हाला कोणी सांगेल. रंगचित्र आणि व्यक्तिचित्र यांच्याबाबत कायद्यात तशी तरतूद आहेही. पण संगणकावर काढलेले रेखाचित्र तीत बसते की नाही यावर वाद घालत बसण्यापेक्षा एक पानी करार करणे स्वस्त पडते. आणि हक्क तुमच्याकडे आले तरी चित्रकाराचे नाव देण्याचे आणि चित्राची मोडतोड न करण्याचे बंधन राहते, हे बहिणीलाही सांगून ठेवावे. चित्राच्या कडा कापण्याचा मोह संकेतस्थळ बांधणाऱ्यांनाच सर्वांत जास्त होतो.

राहिली लोकवर्गणी. ती संकेतस्थळ खुले झाल्यानंतर काढावी, असे मी सुचवीन. बारा चित्रे आणि चाळीस ध्वनिमुद्रणे ज्याला पाहता-ऐकता येतात त्याच्याकडे उरलेल्या चित्रांसाठी मागणे सोपे असते. जे अजून अस्तित्वातच नाही त्यासाठी मागताना नातेवाइकांपलीकडे फारसे कोणी हलत नाही. त्याआधी थोडे पैसे उभे करायचेच असतील तर बारा चित्रांचे पुढच्या वर्षाचे कॅलेंडर काढता येईल. छापखान्याकडून आधी दर घ्यावा, आगाऊ नोंदणीचे पैसे घ्यावेत आणि नोंदणी झाली तेवढ्याच प्रती छापाव्यात. मात्र कॅलेंडर हा संकेतस्थळाहून वेगळा वापर आहे. त्याचा हक्क आणि चित्रकाराचा वाटा करारात वेगळा लिहावा लागेल. गावातील गणेशोत्सव मंडळ, महिला मंडळ किंवा एखादी पतसंस्था एकेका चित्राचा भार उचलू शकते. चित्राखाली ‘साहाय्य’ म्हणून त्यांचे नाव जावे, पण चित्रात काय असावे याचा अधिकार त्यांना देऊ नये.

तुम्ही स्वतः हिशेबनीस आहात, म्हणून कराचे थोडक्यात लिहितो. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात मिळालेल्या देणग्या ५०,००० रुपयांच्या पुढे गेल्या तर ती सगळी रक्कम करपात्र उत्पन्नात धरली जाते. कॅलेंडरसारखी वस्तू देऊन घेतलेले पैसे हा विक्रीचा भाग होतो. परदेशी नागरिकाकडून सांस्कृतिक कामासाठी निधी घ्यायचा तर परकीय अंशदानाचा कायदा आडवा येतो. भारतीय पासपोर्ट असलेल्या आखातातल्या मामांनी आपल्या बचतीतून पाठवलेल्या पैशांना तो लागू होत नाही. नफ्यात वाटा देण्याचे आश्वासन देऊन लोकांकडून पैसे घेण्याच्या फंदात अजिबात पडू नये. कंपन्यांचा सामाजिक दायित्वाचा निधी नोंदणीकृत संस्थांनाच मिळतो, त्यामुळे दोन बहिणींच्या प्रकल्पाला तो तूर्त नाही. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाचे नवलेखक अनुदान पुस्तकासाठी असते. बंगळूर येथील इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स ही १९९३ साली स्थापन झालेली संस्था कलाविषयक संशोधनाला आणि कलाकृतींना अनुदाने देते, व्यक्तीलाही देते; तेथे अर्ज करण्याजोगे तुमचे काम आहे, पण अशा अर्जांच्या निर्णयाला वेळ लागतो आणि त्याच्या भरवशावर दिवाळी ठरवता येणार नाही.

प्रश्न : आम्ही काही मित्र मिळून कवितांचे संकेतस्थळ सुरू करत आहोत. कवितांना साजेशी चित्रे गूगलवर भरपूर मिळतात. खाली ‘सौजन्य : गूगल’ असे लिहिले तर चालेल ना?
– एक वाचक, खारघर

उत्तर : चालणार नाही. गूगल चित्र कोठे आहे ते दाखवते. ते चित्र गूगलचे नसते, त्यामुळे सौजन्य दाखवायला त्याच्याकडे काही नाही. चित्रकाराचे खरे नाव लिहिले तरी परवानगीची गरज संपत नाही. गूगलच्याच चित्रशोधात वापराच्या हक्कानुसार निवड करण्याची सोय आहे. ती वापरून क्रिएटिव्ह कॉमन्सखालील चित्रे पाहावीत आणि मूळ पानावर जाऊन परवाना वाचावा. ज्या परवान्यात व्यावसायिक वापराला मनाई आहे तो जाहिराती घेणाऱ्या संकेतस्थळाने टाळावा, आणि ज्यात बदल करण्यास मनाई आहे ते चित्र कापून त्यावर कवितेच्या ओळी टाकू नयेत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने कॉपीराइट संपलेल्या आपल्या संग्रहातील कलाकृतींच्या प्रतिमा २०१७ पासून कोणत्याही अटीविना खुल्या केल्या आहेत. त्यांत भारतीय लघुचित्रेही आहेत, आणि पावसाच्या कवितांना पहाडी लघुचित्रांइतके जवळचे काही सापडणे कठीण आहे.

प्रश्न : आमच्या आजोबांनी जपून ठेवलेले जुने दिवाळी अंक आणि मासिके माझ्याकडे आहेत. त्यांतील मुखपृष्ठे व आतील चित्रे स्कॅन करून एक सुंदर संकेतस्थळ करण्याचा विचार आहे. काही चित्रांवर दलालांची, काहींवर मुळगावकरांची सही आहे. अंक आमच्या मालकीचे असल्याने अडचण येऊ नये, असे वाटते. ता. क. : वारली चित्रे किंवा त्या धर्तीच्या आकृत्या वापरल्या तर चालेल का?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : अंक तुमचे आहेत, चित्रांचा हक्क तुमचा नाही. भारतात चित्राचा कॉपीराइट चित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या निधनानंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे टिकतो. राजा रविवर्मा १९०६ साली गेले आणि महादेव विश्वनाथ धुरंधर १९४४ साली. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेली चित्रे आता सर्वांची आहेत, धुरंधरांची २००५ च्या आरंभापासून. दीनानाथ दलाल यांचे निधन १९७१ सालचे आहे, म्हणजे त्यांच्या चित्रांवरील हक्क २०३१ च्या अखेरपर्यंत राहील. रघुवीर मुळगावकर १९७६ साली गेले; त्यांच्यासाठी ते वर्ष २०३६ आहे. हक्क वारसांकडे आहे की प्रकाशकाकडे, हे चित्र कोणत्या बोलीवर काढले गेले होते यावर ठरते, म्हणून दोघांकडेही विचारणा करावी लागेल. मासिकाचे नाव, वर्ष आणि अंकाचे पान यांची नोंद करत सूची आजच तयार करायला घ्यावी. परवानगीचे पत्र लिहिताना तीच लागते, आणि सूची प्रसिद्ध करायला कोणाची परवानगी लागत नाही. स्कॅन करताना अंकाची शिवण ताणू नये. काचेवर उलटा दाबण्यापेक्षा अंक अर्धवट उघडा ठेवून वरून छायाचित्र घेणे जुन्या कागदाला सोसते.

ता. क. मध्ये आपण वारली चित्रांविषयी विचारले आहे. शैलीवर कॉपीराइट नसतो, पण प्रत्येक चित्रावर असतो, आणि वारली चित्रकार पद्मश्री जिव्या सोमा मशे २०१८ साली गेले, तेव्हा त्यांची चित्रे अजून दीर्घकाळ संरक्षित आहेत. शिवाय वारली चित्रकलेला भौगोलिक निर्देशांकन (जीआय) मिळालेले आहे. शहरात बसून त्या धर्तीवर काढलेल्या आकृत्यांना तेच नाव लावून विकणे योग्य नाही. २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच असलेले डहाणू आणि पालघर आपल्याला लोकलने गाठता येते. तेथील चित्रकारांकडूनच काम करून घ्यावे.

प्रश्न : मी उपयोजित कलेचे शिक्षण घेतले आहे आणि दोन वर्षांपासून स्वतंत्रपणे चित्रांची कामे करतो. कथा आणि पॉडकास्ट यांचे संकेतस्थळ सुरू करू पाहणाऱ्या एका गटाने माझ्याकडे २५ चित्रे मागितली आहेत. ते म्हणतात की संकेतस्थळ सुरू झाल्यावर जाहिराती आल्या की मानधन देऊ, नाही तर उत्पन्नात वाटा घ्या. शिवाय तुझे नाव होईल. मंडळी चांगली आहेत, काम आवडीचे आहे. हो म्हणावे का?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : मंडळी चांगली असतील तर त्यांच्याशी स्पष्ट बोलणे सोपे जावे. त्यांनी तुमच्यापुढे ठेवलेल्या प्रस्तावात संकेतस्थळ बांधणाऱ्याला, सर्व्हरला आणि ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओला हाच शब्द दिला आहे का, एवढे विचारून पाहावे. त्या सर्वांना रोख आणि चित्रकाराला वाटा अशी वाटणी असेल तर जोखीम एकट्या तुमच्या माथ्यावर आहे. सगळेच वाट्यावर काम करत असतील तर मात्र गोष्ट निराळी आहे. तेव्हा तुम्ही भागीदार आहात, आणि भागीदाराला हिशेब पाहण्याचा हक्क असतो. तो हक्क, वाट्याची टक्केवारी आणि वाटा एकूण उत्पन्नावर की खर्च वजा जाता, हे लिहून घ्यावे. खर्च वजा जाता उरणाऱ्या रकमेतला वाटा बहुतेक वेळा शून्याच्या आसपास फिरतो.

मला विचाराल तर २५ चित्रांना नकार द्यावा आणि ५ चित्रांना होकार. तुमच्या नेहमीच्या दराने पाच चित्रांचे पैसे ते आज देऊ शकत असतील तर संकेतस्थळ त्या पाचांवर सुरू होऊ शकते. तेवढेही देता येत नसतील तर संकेतस्थळ सुरू होण्याबद्दलच शंका घ्यायला जागा आहे. याच अंकात नेरूळच्या भगिनींना लिहिलेले उत्तर त्या गटाला वाचायला द्यायला हरकत नाही. त्यांची बाजूही त्यात आली आहे.

मानधन संकेतस्थळ सुरू होण्याशी बांधून घेऊ नका, काम हाती देण्याशी बांधा. सुरू होण्याची तारीख तुमच्या हातात नसते. अर्धी रक्कम काम सुरू करताना, काही भाग कच्ची रेखाटने मान्य झाल्यावर आणि उरलेली अंतिम चित्रे देताना, अशी वाटणी आपल्याकडे रुळलेली आहे. मोठ्या आकाराच्या, पाणखुणा (वॉटरमार्क) नसलेल्या फाइली शेवटचा हप्ता जमा झाल्यावरच पाठवाव्यात. कच्च्या रेखाटनात दोन वेळा बदल मानधनात धरलेले आहेत आणि त्यापुढील बदलांचे पैसे वेगळे, हे आधीच लिहावे. प्रकल्प मध्येच बारगळला तर तोवर झालेल्या कामाचे पैसे परत मागितले जाणार नाहीत, हेही लिहावे. ही ओळ विसरली जाते आणि बारगळण्याचे प्रमाण संकेतस्थळांत बरेच आहे.

हक्क देताना वापराचे नाव घेऊन द्यावेत : या संकेतस्थळावर आणि त्याच्या प्रसिद्धीसाठी, जगभर, इतकी वर्षे. पुस्तक, टी-शर्ट, कॅलेंडर यांचा उल्लेख करून ते वगळलेले आहेत असे म्हणावे, म्हणजे उद्या त्यांपैकी काही निघाले तर त्याचे मानधन वेगळे मागता येईल. चित्राच्या थरांसकट असलेली मूळ फाइल ही अंतिम चित्राहून निराळी वस्तू आहे आणि ती मागितली गेल्यास तिचा दरही निराळा असावा. नाव होण्याविषयी म्हणाल, तर नाव देणे हे त्यांचे कायदेशीर कर्तव्यच आहे. ते मानधनाच्या बदल्यात मोजता येत नाही. नाव कोठे आणि कसे यावे, ते मात्र ठरवून घ्यावे. पानाच्या तळाशी ‘आमच्याविषयी’ या दुव्यामागे गेलेले नाव कोणी वाचत नाही, ते चित्राखालीच असावे आणि त्यावरून तुमच्या कामाच्या पानावर जाता यावे.

मिळणाऱ्या प्रत्येक रकमेचे बिल करावे, मग ती रक्कम मित्राकडून आलेली का असेना. सेवा पुरवणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेपर्यंत सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणीची गरज नसते, त्यामुळे बिलासाठी वेगळी तयारी लागत नाही : तुमचे नाव, पॅन, कामाचे वर्णन, वापराची मर्यादा आणि रक्कम एवढे पुरते. करार करायला ती मंडळी संकोचत असतील तर तुम्हीच ईमेलने हे सारे मुद्दे कळवावेत आणि ‘मान्य आहे’ असे उत्तर आल्यावर पहिल्या चित्राला हात घालावा.